साबण एकच, नाकं अनेक!

मोबाइल घ्यायचा म्हटलं की आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. रॅम किती, बॅटरी किती, कॅमेरा कसा... पण अंगाचा साबण किंवा तोंडाला लावायचं क्रीम घेताना काय करतो? दुकानात ती वडी नाकाजवळ नेतो, एक श्वास घेतो आणि 'हं, हा बरा आहे' म्हणून खिशात हात घालतो. टीएफएम किती, पीएच किती, हे वाचणारा प्राणी आमच्या वर्गात तरी मला दिसलेला नाही. म्हणजे त्वचेसाठी घ्यायच्या वस्तूची परीक्षा आपण नाकाने घेतो! आणि गंमत अशी की ज्या वासाला एकजण 'वा!' म्हणतो, त्याच वासाला दुसरा 'शी!' म्हणतो.

ताथवड्यात भाड्याच्या फ्लॅटवर राहणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. आमच्याच बाथरूममधल्या फळीचं उदाहरण घ्या. निपाणीच्या मित्राचा म्हैसूर सँडल, कोट्टायमच्या मित्राचा हिरवा मेडिमिक्स, पाटण्याच्या मित्राची मोहरीच्या तेलाची बाटली, विदर्भातल्या मित्राचा लाल लाइफबॉय आणि माझ्या आईने दिवाळीनंतर उरला म्हणून बॅगेत टाकलेला मोती. पाचजणांचे पाच वास आणि प्रत्येकाला खात्री की 'स्वच्छ' वास तो आपलाच, बाकीचे चारजण काहीतरी विचित्र लावतात. असं का होतं, हा प्रश्न मला पडला आणि त्यातून जे वाचन झालं ते या लेखात मांडतो आहे.

नाकात नेमकं काय होतं?

वास म्हणजे हवेतून नाकात शिरलेले रेणू. नाकाच्या वरच्या भागात या रेणूंना पकडणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर असतात. माणसात चालू अवस्थेतले असे सुमारे ४०० प्रकार आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सल या दोघांनी १९९१ साली या ग्राहकांचं जनुकीय कुटुंब शोधून काढलं आणि २००४ साली त्यांना नोबेल मिळालं. एक रेणू अनेक ग्राहकांना चालू करतो आणि एक ग्राहक अनेक रेणूंना दाद देतो. हार्मोनियमवर जसे मोजक्या पट्ट्यांतून असंख्य स्वरमेळ निघतात, तसंच हे. त्यात या जनुकांमध्ये माणसामाणसात फरक असतो. व्हायोलेट फुलांसारखा वास देणारा बीटा-आयोनोन हा पदार्थ काहींना मस्त फुलासारखा लागतो, तर काहींना जवळजवळ लागतच नाही. कारण एका ग्राहकाच्या जनुकातला फरक.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. डोळ्यांकडून आणि कानांकडून येणारा संदेश आधी थॅलॅमस नावाच्या 'रिसेप्शन'वर थांबतो. वासाचा संदेश मात्र बराचसा थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांकडे जातो. म्हणून कापराचा वास आला की आपण आधी देवघरात पोचतो आणि मग म्हणतो, 'अरे, कापूर!'

आवड जन्मजात की शिकलेली?

दोन्ही. २०२२ साली 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ वेगवेगळ्या समाजांतल्या २२५ माणसांना (त्यात जंगलात शिकार करून राहणारे होते, शेतकरी होते, शहरी लोकही होते) दहा वास देऊन आवडीनुसार क्रम लावायला सांगितलं. सगळीकडे व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन वरच्या क्रमांकावर आणि घामट मोज्यांसारखा वास देणारं आयसोव्हॅलेरिक आम्ल तळाला! आवडीतल्या फरकापैकी सुमारे ४१ टक्के भाग रेणू कोणता यावरून ठरला, सुमारे ५४ टक्के त्या त्या माणसावरून आणि संस्कृतीच्या वाट्याला आले जेमतेम ६ टक्के.

म्हणजे 'वासाची आवड देशागणिक बदलते' हे सगळं खोटंच की काय? तसं नाही. त्या प्रयोगात नुसता वास होता. नाव नाही, रंग नाही, 'हा साबण आहे' किंवा 'हे औषध आहे' असं सांगणं नाही. प्रत्यक्षात वास कधी एकटा येत नाही. तो कुठल्यातरी वस्तूला, सणाला, माणसाला चिकटून येतो. आणि ही चिकटवण्याची कामगिरी मात्र संस्कृती करते.

याची सुरुवात किती लवकर होते बघा. फ्रान्समधल्या अल्सास भागात २००० साली झालेल्या एका अभ्यासात, ज्या आयांनी गरोदरपणात बडीशेपेसारख्या वासाचे पदार्थ खाल्ले होते त्यांची नवजात बाळं त्या वासाकडे तोंड वळवत होती. इतर बाळं नव्हती वळवत. आपल्याकडे बाळंतशोपा, ओवा, डिंकाचे लाडू, वेखंडाची पावडर आणि शेक-शेगडीची धुरी यांच्या वासात जी पिढ्यान् पिढ्या बाळं वाढली, त्यांची नाकं कुठे तयार झाली हे वेगळं सांगायला नको.

दुसरं गाजलेलं उदाहरण मिथाइल सॅलिसिलेटचं. ब्रिटनमधल्या जुन्या चाचण्यांमध्ये हा वास नावडत्यांच्या यादीत गेला, अमेरिकेत मात्र आवडत्यांच्या. कारण ब्रिटनमध्ये तो दुखण्यावरच्या मलमाचा वास, तर अमेरिकेत गोळ्या-चॉकलेटांचा आणि 'रूट बिअर' या पेयाचा. आपण यात कुणाच्या बाजूचे? सरळ आहे! आयोडेक्सची बाटली उघडून बघा. तोच हा वास. या वासाचं फेसक्रीम कुणी पुण्यात विकायला आणलं तर गिऱ्हाईक विचारेल, 'कंबरेला लावायचं का?'

मराठी अंघोळीचा वास

आता आपल्या घरात येऊ. मराठी माणसाला अंगाला लावायच्या सुगंधाबद्दल विचारलं तर बहुतेकजण पहिलं नाव घेतील उटण्याचं. त्यात काय असतं? चंदन, नागरमोथा, वाळा, आंबेहळद, कापूरकाचरी, गव्हला-कचोरा, जटामांसी, गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या, संत्र्याची साल, मुलतानी माती, मसूर डाळीचं पीठ. घराघरात कमीजास्त. यातले बरेचसे वास मुळांचे आणि लाकडाचे आहेत, म्हणजे जड, मातकट, हळूहळू उडणारे. नुसतं पाकीट हुंगलं तर अर्धवटच कळतं. ते तेल लावलेल्या अंगावर चोळलं आणि वरून कढत पाणी पडलं की खरा वास सुटतो.

या वासाचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे त्याला तारीख आहे. मोती साबण सत्तरच्या दशकात टाटा ऑइल मिल्सने आणला. १९९३ साली ती कंपनी हिंदुस्थान लिव्हरकडे गेली. साबण गोल, मोठा, गुलाब आणि चंदन अशा वासांचा. वर्षभर आपण दुसरेच साबण वापरतो, पण नरकचतुर्दशीच्या पहाटे मोती लागतो. महाराष्ट्राबाहेरच्या मित्राला हे समजावून सांगणं कठीण आहे. त्याच्या नाकाला तो चंदनाचा एक साबण, आपल्या नाकाला ती पहाटेची थंडी, पणत्या आणि चकलीचा खमंग वास.

हळदीकुंकवातही हेच दिसतं. आलेल्या बाईच्या हातावर अत्तर लावायचं, गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडायचं. सुगंध इथे यजमानीण देते, आणि सगळ्यांना एकच. पाश्चात्त्य देशांत 'हा माझा परफ्यूम' अशी सुगंधाची ओळख व्यक्तीशी जोडली जाते. आपल्याकडे ती प्रसंगाशी जोडली गेली. आणि जिथे सुगंध म्हणजे मंगल, तिथे सुतकात तेल-साबण वर्ज्य करण्याची रीतही ओघानेच आली.

चंदनाचं म्हणाल तर त्याच्यामागे एक इंजिनिअर आहे, आणि तो पुण्यात शिकलेला! सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून (म्हणजे नंतरचं सीओईपी) १८८३ साली अभियांत्रिकीची परीक्षा दिली. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे आपण त्यांना ओळखतो. पुढे ते म्हैसूर संस्थानचे दिवाण असताना पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि युरोपला जाणारं चंदनाचं लाकूड गोदामांत पडून राहिलं. तेव्हा लाकूड विकण्याऐवजी तेलच इथे काढू, असं ठरून १९१६ साली म्हैसूरला चंदनतेलाचा कारखाना निघाला आणि १९१८ साली बंगळुरूला साबण तयार होऊ लागला. रसायनतज्ज्ञ सोसले गरळपुरी शास्त्री यांनी इंग्लंडला जाऊन साबण आणि सुगंधाचं तंत्र शिकून ते इथे वापरलं. २००६ साली या साबणाला भौगोलिक मानांकनही मिळालं. निपाणीच्या मित्राची फळीवरची वडी इतकी जुनी आहे.

विको टर्मरिकही याच घरातलं. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली सुरू केलेल्या विको कंपनीने १९७५ साली हळदीचं क्रीम आणलं. नाव हळदीचं, पण ट्यूब उघडली की पहिला येतो तो चंदनतेलाचा वास. हळद लावलेल्या नवऱ्या मुलीचं चित्र आणि चंदनाचा वास, म्हणजे लग्नघरच ट्यूबमध्ये भरलेलं!

रोगजंतूंचा वास आणि लिंबाचा वास

लाल लाइफबॉयचा जुना वास आपल्या वडिलांच्या पिढीला विचारा. तो होता कार्बोलिक, म्हणजे फिनॉलच्या जातीचा. जोसेफ लिस्टरने १८६७ साली शस्त्रक्रियेत फिनॉल वापरून जंतुसंसर्ग कमी होतो हे मांडलं आणि हा उग्र वास 'निर्जंतुक' या अर्थाशी जोडला गेला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा गटारांत कार्बोलिक ओतलं गेलं. लाइफबॉय भारतात आला तो याच सुमारास, १८९५ साली. शंभर वर्षं हा वास म्हणजे घाम गाळणाऱ्या माणसाच्या स्वच्छतेची खूण होता. २००२ साली कंपनीने तो वास काढून साबणाला नवा सुगंध दिला. दवाखान्याची आठवण करून देणारा वास नव्या गिऱ्हाइकाला नको होता. म्हणजे एकाच देशात, एकाच साबणाच्या बाबतीत, दोन पिढ्यांची नाकं वेगळी झाली.

लिंबाचंही तसंच. सत्तरच्या दशकात लिरिल आला आणि धबधब्याखालच्या त्या जाहिरातीमुळे लिंबू म्हणजे ताजेपणा हे समीकरण पक्कं झालं. युरोप-अमेरिकेत मात्र उग्र लिंबाचा वास बऱ्याच जणांना फरशी पुसायच्या द्रावणाची आठवण करून देतो. आणि आपली गत काय? आज भांडी घासायच्या साबणात लिंबू, फरशीच्या द्रावणात लिंबू. मला स्वतःला लिंबाच्या वासाचा फेसवॉश लावला की खरकटी भांडी आठवतात!

एक पदार्थ, दोन अर्थ

वाळा घ्या. आपल्याकडे माठात टाकायचा, उन्हाळ्यात पडद्यांना बांधून पाणी मारायचा. थंडावा हा त्याचा अर्थ. पॅरिसच्या अत्तरांच्या जगात हाच 'व्हेटिव्हर' मुख्यतः पुरुषांच्या सुगंधात जाऊन बसला. आता वाळा पुरुषी आहे असं आपल्या आजीला सांगून बघा!

पाच घ्या. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली कसर लागू नये म्हणून पाचेच्या पानांत बांधून युरोपात जायच्या. तिकडे हा वास म्हणजेच अस्सल शालीची खूण ठरली. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेत तोच वास हिप्पींचा झाला. नारळाचं तेलही तसंच. कोकणात ते रोजच्या वेणीफणीचं, पाश्चात्त्य माणसाला ते समुद्रकिनारी उन्हात पडून अंगाला लावायच्या लोशनचं, म्हणजे सुट्टीचं. गुलाब आपल्याला गुलकंद आणि सरबत आठवून देतो, तिकडे बऱ्याच तरुण गिऱ्हाइकांना तो 'आजीच्या पावडरीचा' वाटतो. रेणू तोच आहे, गोष्ट बदलली.

यात इंजिनिअरिंग कुठे आलं?

भरपूर आलं! एक म्हणजे तापमान. सुगंधी रेणूचा बाष्पदाब तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. तिसऱ्या सेमिस्टरला रडवणारं क्लॉशियस-क्लॅपेरॉन समीकरण आठवा. बाष्पीभवनाची उष्णता मोलला साधारण ६० किलोज्यूल धरली, तर १५ अंशांवरून ३५ अंशांवर जाताना बाष्पदाब जवळपास पाचपट होतो. थंड देशात सौम्य वाटणारं क्रीम पुण्याच्या एप्रिलमध्ये डोकं का उठवतं, याचं एक उत्तर इथे आहे. सगळा दोष संस्कृतीच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

दुसरं म्हणजे माध्यम. साबण अल्कधर्मी, पीएच साधारण ९ ते १०. त्यात फळांचा वास देणारी अनेक एस्टर तुटतात, लिंबाचा सिट्रल टिकत नाही, व्हॅनिलिनमुळे वडी तपकिरी पडते. चंदनासारखे जड रेणू मात्र तग धरतात. आपल्या साबणांत चंदन आणि फुलं जास्त का, याला परंपरेइतकंच हे रसायनही कारण असावं असं मला वाटतं. शिवाय साबणाच्या कच्च्या मालाला स्वतःचा तेलकट वास असतो; तो झाकणं हे सुगंधाचं पहिलं काम. म्हणून 'अनसेंटेड' लिहिलेल्या वस्तूतही वास झाकणारा सुगंध असू शकतो. 'फ्रेग्रन्स फ्री' म्हणजे मुद्दाम सुगंध घातलेला नाही. दोन्ही एक नव्हेत, हे लक्षात ठेवा.

तिसरं म्हणजे माल. खऱ्या चंदनाची झाडं तोडीमुळे धोक्यात आली आणि तेल प्रचंड महाग झालं. त्यामुळे बहुतेक स्वस्त 'चंदन' उत्पादनांत प्रयोगशाळेत तयार झालेले चंदनगंधी रेणू असतात.

हे सुगंध बनवतं कोण? साबण कंपनी बहुधा स्वतः बनवत नाही, ती सुगंध बनवणाऱ्या कंपनीकडून घेते. यात एक मोठं नाव मराठी आहे. एस. एच. केलकर ही १९२२ पासूनची मुंबईची कंपनी. मुलुंडला केळकर एज्युकेशन ट्रस्टच्या वझे महाविद्यालयात तर परफ्यूमरी आणि कॉस्मेटिक्सचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही आहे. आणि आपल्यापासून जवळच, चाकणला, लॉरिआल या फ्रेंच कंपनीचा कारखाना आहे. आपण चाकण म्हटलं की गाड्या आणि गिअरबॉक्स एवढंच डोळ्यांपुढे आणतो. पण तिथे टाक्या, मिक्सर, पंप, भरणी यंत्रं आणि दर्जा तपासणी हेही आहे. मेकॅनिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी नोंद घ्यावी!

मुद्दा लाजेचा

इथवर गमतीचं झालं. आता थोडं गंभीर.

कॅम्पस मुलाखतींआधी आम्हाला एका बाहेरच्या प्रशिक्षकाने मार्गदर्शन केलं. कपडे, बूट, हस्तांदोलन सांगून झाल्यावर ते म्हणाले, 'केसाला तेल लावून येऊ नका, वास येतो, गावठी वाटतं.' सगळे हसले. माझ्या पुढच्या बाकावरची, रोज खोबरेल लावून घट्ट वेणी घालणारी मुलगी मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती तेल न लावता येऊ लागली. पाटण्याच्या मित्राने मोहरीचं तेल फळीवरून काढून कपाटात ठेवलं तेही आमच्याच टोमण्यांमुळे.

मला यात दोन गोष्टी खटकतात. पहिली म्हणजे, घाण वास आणि अनोळखी वास यांतला फरक आपण विसरतो. आयसोव्हॅलेरिक आम्लाचा, म्हणजे न धुतलेल्या मोज्यांचा वास बहुतेक जगाला नकोसा वाटतो, त्याबद्दल बोलायला हरकत नाही (आमच्या फ्लॅटवर तर बोलायलाच हवं). पण खोबरेल, मोहरी, मेडिमिक्समधली औषधी मुळं, हे वास घाण नाहीत. ते कुणाच्यातरी घराचे आहेत. दुसरी गोष्ट अशी की तेच खोबरेल 'कोकोनट' नावाने लोशनच्या बाटलीत आलं की आपण तिप्पट पैसे देतो. मग आपण नाक मुरडतो ते वासाला, की माणसाच्या गावाला?

सुगंधाची दुसरी बाजू त्वचेची. काही सुगंधी द्रव्यांनी काहींना अॅलर्जी होते. लिमोनीनसारखे पदार्थ हवेत ऑक्सिडीकरण झाल्यावर जास्त त्रास देतात. युरोपीय संघात २००५ पासून अशा २६ द्रव्यांची नावं ठरावीक प्रमाणापुढे वेष्टनावर लिहिणं बंधनकारक झालं, २०२३ साली ही यादी ८० च्या वर नेली गेली. लिलियल हा लोकप्रिय फुलासारखा सुगंध तर मार्च २०२२ पासून तिथल्या सौंदर्यप्रसाधनांत वापरता येत नाही. आपल्याकडच्या अनेक वेष्टनांवर मात्र अजून 'परफ्यूम' एवढा एकच शब्द दिसतो. 'नैसर्गिक' आहे म्हणजे निर्धोक, असंही नाही. लिमोनीन संत्र्याच्या सालीतही असतंच.

तेव्हा नवीन क्रीम आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन-तीन दिवस बघा, मग तोंडाला लावा. दुकानात हुंगताना एकामागून एक सहा वड्या हुंगू नका, नाक थकतं आणि शेवटच्या दोन सारख्याच वाटतात. आणि ज्यांना पुढे वस्तू डिझाइन करायच्या आहेत त्यांना एक सांगणं आहे. गिऱ्हाइकाला 'हा वास आवडला का?' एवढंच विचारू नका. 'या वासाने काय आठवलं?' हे विचारा. आम्ही फ्लॅटवर मागच्या महिन्यात हा प्रयोग केला. मोहरीचं तेल हुंगवल्यावर चौघांनी लोणचं सांगितलं. पाटण्याचा मित्र म्हणाला, 'थंडीत आई उन्हात बसवून मालिश करायची.' आता ती बाटली परत फळीवर आहे.